सहा सेकंदांचा दिवा: एअरबॅग उघडल्यावर गाडी नीट कशी करून घ्यायची

गडहिंग्लजचे एक मास्तर माझ्याकडं आले ते हॉर्नची तक्रार घेऊन. तीन महिन्यांपूर्वी घेतलेली सेकंडहँड हॅचबॅक, पांढरी, बाहेरून चकाचक. "हॉर्न कधी वाजतोय, कधी नाही. रिले असेल बघा," म्हणाले. मी किल्ली फिरवली आणि मीटरकडं बघत बसलो. हँडब्रेकचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, ऑइल, एबीएस, सगळे लागले. पट्टा बांधून बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढं फुगा, असा जो एअरबॅगचा लाल दिवा असतो, तो काही लागलाच नाही.

"मास्तर, ह्या गाडीचा आधी अपघात झालाय."

"छे हो, एकहाती गाडी आहे. खरचटलंसुद्धा नाही म्हणाला तो."

बॅटरीची निगेटिव्ह काढली, चहा सांगितला, आणि चहा पिऊन झाल्यावर स्टिअरिंगचं पॅड उचललं. आत बॅग नव्हतीच. पॅडचं प्लास्टिक मधोमध फाटलेलं, मागून फायबर आणि एम-सील भरून जोडलेलं, पुढून घासून काळा रंग मारलेला. पिवळ्या कपलरच्या दोन पिनांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर खुपसलेला, बॅग जागेवर आहे असं गाडीला वाटावं म्हणून, वर काळी टेप. हॉर्नची वायर त्या एम-सीलमध्ये चेपली होती, म्हणून हॉर्न रुसत होता. एवढं करूनही मीटरवरचा दिवा विझला नसणार, कारण संगणकात अपघाताची नोंद पक्की बसलेली. मग मीटर उघडून त्या दिव्याची एलईडीच उपटून टाकलेली. मास्तर तीन महिने बायको आणि मुलीला घेऊन ह्या गाडीतून आंबोलीपर्यंत जाऊन आले होते.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. आयटीआय झाल्यावर १९९४ ला डायनॅमो आणि सेल्फ भरायला बसलो तो अजून उठलेलो नाही. एअरबॅगची कामं गेल्या काही वर्षांत वाढली, कारण गाड्यांत बॅगाच वाढल्या. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला ड्रायव्हरची बॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची बॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून. त्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं चालल्या आहेत, त्यातल्या काहींच्या बॅगा मधल्या काळात उघडून गेल्या आहेत, आणि मास्तरांसारखी माणसं माझ्याकडं हॉर्न दाखवायला येतात. तेव्हा बॅग उघडते कशी, आणि उघडल्यावर गाडी कामाला देताना काय बघायचं, काय विचारायचं, ते सगळं इथं लिहून ठेवतो.

उघडते कशी

गिअरच्या खाली, दोन सीटच्या मधल्या बोगद्यावर एक चपटी डबी बोल्टनं घट्ट बसवलेली असते. ती एअरबॅगची मॉड्यूल. तिच्या आत धक्का मोजणारी चिप असते. शिवाय पुढं रेडिएटरच्या सपोर्टवर किंवा अ‍ॅप्रनवर एक-दोन सेन्सर असतात, आणि बाजूच्या बॅगा असतील तर मधल्या खांबात किंवा दाराच्या आत वेगळे. गाडी धडकली की मॉड्यूल बघते ती गाडीचा वेग किती झटक्यात मेला हे. स्पीडोमीटरचा आकडा तिच्या हिशेबी दुय्यम. पुढचा सेन्सर आणि आतली चिप दोघांचं एकमत झालं की बॅगेतल्या बारीक तारेला करंट जातो, तार तापून पेटते, गॅस तयार करणारी गोळी जळते आणि नायट्रोजनसारखा वायू बॅगेत भरतो. पूर्वी ह्या गोळीत सोडियम अझाइड असायचं, आता बहुतेक ग्वानिडीन नायट्रेट.

हे सगळं किती वेळात? निर्णय पंधरा ते तीस मिलिसेकंदांत, आणि बॅग भरायला आणखी तीसएक. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी तीस मिलिसेकंदांत जेमतेम हातभर पुढं सरकते. आपली पापणी लवायला ह्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. बॅग बाहेर येते ती ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं, आणि तुमचं डोकं टेकेपर्यंत तिच्या मागच्या भोकांतून हवा सुटायलाही लागलेली असते. पूर्ण फुगलेल्या बॅगेचा फोटो तुम्ही अपघाताच्या बातमीत कधी बघितलाय का? सगळीकडं लोंबणारं फडकंच दिसतं.

किती धडकेला उघडते असं सगळे विचारतात. पक्क्या भिंतीवर सरळ आदळलात तर साधारण ताशी १३ ते २३ किलोमीटरच्या पुढं. उभ्या असलेल्या तेवढ्याच वजनाच्या गाडीवर आदळलात तर त्याच्या दुप्पट वेग लागतो, कारण ती गाडीही मागं सरकते आणि चेपते. समोरून, किंवा समोरच्या दोन्ही अंगांना तीसेक अंशांच्या आतून धडक बसली तर पुढच्या बॅगा. मागून कुणी ठोकलं तर त्यांना उघडायचं कारणच नाही.

आता आमच्या भागातला किस्सा. गळीत हंगामात रात्री कागलच्या अलीकडं एक गाडी उसाच्या ट्रॉलीखाली मागून घुसली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बॉनेट पार काचेपर्यंत गेलं, आणि बॅगा उघडल्या नाहीत. मालक कंपनीवर केस करायला निघाला होता. मी त्याला वाकून दाखवलं: बंपर शाबूत, बंपरमागची बीम शाबूत, पुढचे दोन्ही रेल सरळ. धडक बसली ती ह्या सगळ्याच्या वरून, पत्र्यावर आणि काचेवर. बॅग ज्या हाडांच्या भरवशावर निर्णय घेते त्या हाडांना धक्का पोचलाच नव्हता. ट्रक-ट्रॉलीखाली घुसण्यात हा मोठा धोका असतो. उलटा प्रकार राधानगरी रोडला झाला. गाडी ८० च्या वेगात उसात घुसली, चाळीस-पन्नास फूट ऊस आडवा केला आणि थांबली. वेग हळूहळू मेला, बेल्टनं धरून ठेवलं, बॅगेची गरज पडली नाही आणि ती उघडलीही नाही. दोन्ही ठिकाणी मॉड्यूल नीट होती.

"बेल्ट नसला की बॅग उघडत नाही" हे गॅरेजमध्ये रोज ऐकतो. सरसकट खरं नाही. पुष्कळ गाड्यांत बेल्ट नसेल तर मॉड्यूल उलट कमी धडकेलाच बॅग उघडते. पण बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागतानाच पुढं सरकलेला असतो आणि ३०० च्या वेगानं बाहेर येणारी बॅग त्याला थेट तोंडावर बसते. एअरबॅगच्या झाकणावर एसआरएस लिहिलेलं असतं, सप्लिमेंटल रेस्ट्रेंट सिस्टिम. त्यातला पहिला एस म्हणजे सप्लिमेंटल, पुरवणी. मास्तरांना हे पटकन कळलं. मुख्य उत्तरपत्रिका बेल्टची. ती कोरी ठेवून पुरवणीवर पास होता येत नाही.

आणि तो डॅशबोर्डवरचा गणपती. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर बारीक रेघ किंवा एअरबॅग अशी अक्षरं दिसतील, ते बॅगेचं झाकण. त्याच्यावर डबल टेपनं चिकटवलेली धातूची मूर्ती बॅग उघडली की गोळीसारखी येते. देव मधोमध, एसीच्या जाळीच्या वरच्या बाजूला बसवा. बाजूची बॅग सीटमध्ये असेल तर तिला जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेऊ नका. पुढचं लोखंडी बुल गार्ड तर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्रानं बेकायदा ठरवलंय. त्यानं पायी चालणाऱ्याचं तर नुकसान होतंच, पण धडक सेन्सरपर्यंत कशी पोचायची ह्याचा सगळा हिशेबही बिघडतो.

उघडल्यावर पहिला तास

आवाज बंदुकीसारखा होतो, कान काही वेळ वाजत राहतात. गाडीत पांढरा धूर दिसतो. तो बहुतेक धूर नसतो. घडी चिकटू नये म्हणून बॅगेत टाकलेली पावडर आणि जळलेल्या गोळीची राख असते. लोक घाबरून गाडी पेटली म्हणून दार तोडायला धावतात. इग्निशन बंद करा, दार उघडून बाहेर या. दम्याचं माणूस असेल तर त्याला आधी बाहेर काढा. डोळे आणि हात साध्या पाण्यानं धुवा, चोळू नका. बॅगेच्या मधल्या धातूच्या भागाला हात लावू नका, तो तापलेला असतो. दुखापत असेल तर १०८, पोलीस पाहिजेत तर ११२.

बऱ्याच गाड्यांत बॅग उघडली की मॉड्यूल पेट्रोलचा पंप बंद करते आणि दारं अनलॉक करते. म्हणून गाडी पुन्हा चालू होत नाही. कुणीतरी हुशार रस्त्यावर येतो आणि "थांबा, मी करतो चालू" म्हणतो. नको. टोचन लावून न्या, जमलं तर क्रेनच्या फळीवर चढवून.

ब्लेडनं लोंबणारी बॅग कापून गाडी चालवत आणलेले महाभाग मी पाहिले आहेत. ती बॅग विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायची असते. काही कापायच्या आधी फोटो काढा: मीटरवरचा पेटलेला दिवा आणि किलोमीटर, दोन्ही बॅगा, दोन्ही बेल्ट, डॅशबोर्ड, काच, आणि गाडीचं चारही बाजूंनी अंग. विम्याला त्याच दिवशी कळवा.

न उघडलेली बॅग विसरू नका. शेजारची सीट रिकामी असेल तर काही गाड्यांत ती बाजू उघडत नाही, आणि बाजूच्या बॅगा समोरच्या धडकेला तशाच राहतात. त्या जिवंत आहेत. गाडीत अडकलेल्या माणसाला काढताना बॅगेच्या आणि माणसाच्या मध्ये डोकं घालू नये, आणि हात पोचत असेल तर आधी बॅटरी सोडवावी.

विमा आणि पैसा

इथं पुष्कळांचा घोटाळा होतो. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग ह्यांच्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, गाडी नवी असली तरी. समजा दोन बॅगांचे ३८,००० झाले आणि डॅशबोर्डचे २२,०००, तर तीस हजार तुमच्या खिशातून. काचेवर घसारा नाही, लोखंडावर गाडीच्या वयाप्रमाणे. झीरो डेप घेतलेली असेल तर ही कपात वाचते. वर १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढच्या इंजिनाला २,००० रुपये प्रत्येक क्लेमला आपले द्यायचेच असतात.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. चार-पाच वर्षांच्या लहान गाडीची विमा किंमत निम्म्यावर आलेली असते, त्यामुळं दोन बॅगा, मॉड्यूल, बेल्ट, डॅशबोर्ड आणि थोडं पत्राकाम एवढ्यात ती हद्द जवळ येते. मग ती गाडी सॅल्व्हेज म्हणून लिलावात जाते, कुणीतरी स्वस्तात उचलतो, बाहेरून चकचकीत करतो आणि आत रेझिस्टर खुपसतो. मास्तरांची गाडी ह्याच वाटेनं आली असावी असा माझा अंदाज.

कामाच्या टेबलावर काय व्हायला पाहिजे

तुम्ही स्वतः हे काम करू नका. खरंच करू नका. पण गॅरेजवाला काय करतोय हे कळावं म्हणून क्रम सांगतो.

काहीही खोलायच्या आधी स्कॅनर लावून सगळे कोड छापून घ्यायचे. कोणती बॅग पेटली, कोणत्या बेल्टचा टेन्शनर (धडकेत पट्टा खेचून घट्ट करणारा भाग) पेटला, कोणता सेन्सर बोलत नाही, हे त्यात येतं. कोड आधी मिटवले की पुरावा गेला. ही यादी मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची माझी पद्धत आहे. नंतर बिल आलं की तो यादी आणि बिल शेजारी धरून बसतो आणि माझ्याशी वाद कमी घालतो.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि थांबायचं. मॉड्यूलच्या आत कपॅसिटर असतो; अपघातात बॅटरीच तुटली तरी बॅग उघडता यावी म्हणून तो करंट साठवून ठेवतो. कुठल्या कंपनीचं पुस्तक दीड मिनिट सांगतं, कुठलं तीन. मी सगळ्यांना दहा मिनिटं देतो, म्हणजे एक चहा. तेवढा वेळ बॅटरीचा दहाचा पाना आतल्या आरशाला लटकवून ठेवायचा, म्हणजे कुणी पोरगं मधेच येऊन बॅटरी जोडत नाही. हा नियम एकदा मोडला तेव्हा काही झालं नाही. पण रात्री जेवण गेलं नाही.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प, बल्बला दोन वायरी. एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला तो लावणं म्हणजे काडी लावणं. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि बॅगेतली तार पेटायला साधारण सव्वा अँपिअर दोन मिलिसेकंद पुरतो. साधा मल्टिमीटरही बॅगेच्या पिनांवर लावायचा नाही. बॅगेच्या जागी दोन ओहमचा नकली लोड लावून बाकीची वायरिंग तपासायची, आणि तपासून झाल्यावर तो काढायचा. मास्तरांच्या गाडीत जे खुपसलं होतं ते ह्याच दोन ओहमचं. तपासायची वस्तू कायमची बसवली होती, एवढंच.

बॅग हातात धरायची ती तोंड अंगापासून लांब करून, टेबलावर ठेवायची ती तोंड वर करून. पालथी ठेवलेली बॅग उडाली तर आख्खं पॅड छताला जाऊन बसतं. काही बॅगांत दोन टप्प्यांच्या गोळ्या असतात, त्यातली एक पेटून दुसरी तशीच राहिलेली असू शकते, म्हणून उघडलेली बॅगही भंगारवाल्याच्या पोत्यात नुसती फेकायची नाही.

स्टिअरिंगच्या मागं क्लॉक स्प्रिंग असते, गुंडाळलेली चपटी वायर, जी स्टिअरिंग फिरलं तरी हॉर्न आणि बॅगेला करंट पोचवते. बॅग उघडली की ती बदलायची. बसवताना चाकं सरळ, आणि स्प्रिंग मधोमध: एका बाजूला हलक्या हातानं शेवटपर्यंत, मग मागं फिरवून बाणाला बाण. साधारण अडीच फेरे, पण आपापल्या गाडीचं पुस्तक बघावं. हे चुकलं तर पहिल्याच यू-टर्नला आत तट्ट करून तुटते.

बेल्टकडं लोक बघतच नाहीत. टेन्शनरमध्येही दारूच असते. पेटला की बकल नेहमीपेक्षा बोटभर खाली गेलेलं दिसतं, किंवा बेल्ट रिळात अडकून बसतो. तो बदलायचा, खेचून सोडवायचा नाही. अपघातात माणसाचं वजन झेललेल्या बेल्टची पट्टी हातात घेऊन उजेडात बघा. गळ्याजवळच्या कडीतून गेलेल्या जागी प्लास्टिक वितळल्यासारखी चकाकी दिसते. तसं दिसलं तर टेन्शनर पेटलेला नसला तरी तो बेल्ट गेला.

डॅशबोर्डवर सगळ्यात जास्त लबाडी होते. शेजारची बॅग डॅशबोर्ड फाडून वर येते. नवीन डॅशबोर्ड महाग, म्हणून फाटलेला भाग आतून फायबरनं जोडून वर रेक्झिन ताणायचं काम काही जण इतकं सुबक करतात की हात फिरवून कळत नाही. पण ती रेघ मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी फाटावी म्हणून. फायबर भरलेलं झाकण फाटायला उशीर लागतो, किंवा त्याचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. डॅशबोर्ड आख्खा बदला. पैसे नसतील तर गाडी महिनाभर उभी ठेवा, चालेल. हीच बॅग समोरच्या काचेला टेकून उभी राहते, म्हणून काच तडकली तर ती कंपनीच्या पद्धतीनं गोंदानं बसवलेली पाहिजे आणि गोंद वाळायला पूर्ण वेळ दिलेला पाहिजे. नुसत्या सिलिकॉनवर बसवलेली काच बॅगेच्या धक्क्यानं बाहेर जाते.

पुढच्या सेन्सरवर बाण असतो, तो पुढं. ज्या पत्र्यावर तो बसतो तिथं पुट्टीचा थर नको, सेन्सर डुगडुगता नको. पुढचे रेल डेंटिंगवाल्यानं तापवून, ठोकून सरळ केले असतील तर पुढच्या वेळी ते वेगळे चेपतील आणि सेन्सरला धक्का वेगळ्या वेळी पोचेल. पत्राकाम चालू असताना बॅटरी सोडलेलीच असावी. मॉड्यूल बोल्टनं बसवल्याशिवाय इग्निशन द्यायचं नाही.

आता मॉड्यूल. इथं मला स्वतःबद्दल बोलावं लागेल. बॅगा उघडल्यावर मॉड्यूलच्या मेमरीत अपघात कायमचा लिहिला जातो आणि बहुतेक कंपन्या नवीन मॉड्यूल टाकायला सांगतात. बाजारात प्रोग्रॅमर मिळतो. मेमरीची चिप वाचायची, अपघाताची पानं कोरी करायची, दिवा बंद. दोन-तीन हजारांत काम. मी हे केलंय. अकरा गाड्यांना केलं, वहीत नोंद आहे. बाराव्या वेळी मॉड्यूल उघडली तर बोर्डवर एका कपॅसिटरच्या पायाशी केसाएवढी भेग दिसली. स्कॅनरला ती दिसत नव्हती, दिवाही सहा सेकंदांत विझत होता. पुन्हा करंट सोडायची वेळ आली असती तर त्या भेगेतून तो गेला असता की नाही हे सांगायला माझ्याकडं काही साधन नाही, आणि कुणाही रिसेटवाल्याकडं नाही. तेव्हापासून बंद. त्या अकरा जणांना मी फोन केले. चौघांनी मॉड्यूल बदलली, बाकीचे "चाललंय की" म्हणाले.

नवीन मॉड्यूलला गाडीचा चॅसिस नंबर आणि व्हेरियंट शिकवावा लागतो. ते बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरच होतं. म्हणून एअरबॅगचं काम माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाकडून करून घेतलंत तरी शेवटचा मुक्काम तिथंच करा.

नवीन, जुनी आणि नकली बॅग

कटिंगच्या, म्हणजे भंगारात तोडलेल्या गाडीतली बॅग निम्म्या-पाव किमतीत मिळते आणि मोह होतो. ती किती पावसाळे भिजली, कुठल्या वर्षाची, कुणी कशी काढली, काही माहीत नसतं. टाकाटा ह्या जपानी कंपनीचं प्रकरण आठवा. त्यांच्या गोळीत अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन ती बिघडली की धडकेत नीट जळण्याऐवजी स्फोट होऊन धातूच्या चिंध्या माणसाच्या अंगात घुसायच्या. जगभर मिळून दहा कोटींच्या घरात बॅगा परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. भारतातल्या गाड्याही त्यात होत्या. रत्नागिरी, गोवा, मुंबई म्हणजे तर दमट हवेचं माहेरघर. तुमची गाडी जुनी असेल तर चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर रिकॉलसाठी टाकून बघा. बॅग फुकट बदलून मिळते. आणि कटिंगची बॅग घेणाऱ्याला कळणार कसं, की त्याच्या हातात आलेली बॅग अशाच परत बोलवलेल्या गाडीतून आली नाही?

नकली वेगळ्या. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी असल्या बॅगांचा धंदा पकडला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाच्या नऊशेच्या वर बॅगा. पॅडवर लोगो हुबेहूब असतो. म्हणून पॅड बसवायच्या आधी मागची बाजू बघायला मागा: पार्ट नंबर, बारकोड, सिरियल नंबर छापलेला स्टिकर असतो. त्याचा फोटो काढा आणि तोच सिरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. खरा दुकानदार कुरकुर करेल, पण लिहील.

ताब्यात घेताना

उघडलेल्या बॅगा, बेल्ट आणि जुनी मॉड्यूल विम्यानं सॅल्व्हेज म्हणून नेली नसतील तर डोळ्यांनी बघा. बदललं म्हणाले आणि जुनं कुठंच नाही, असं असेल तर बिलावर सही करू नका. कामानंतरचा स्कॅन रिपोर्ट मागा, बिनकोडाचा. मग पुढची सीट पुढं-मागं करून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, खड्ड्यातून एक चक्कर मारून या आणि पुन्हा स्कॅन करायला सांगा. सीटखालचं पिवळं कपलर सैल असेल तर दिवा अशाच वेळी लागतो. महिन्यानं लागला तर आधी तिथं बघा आणि मग उंदरांकडं. कुरतडलेली पिवळी वायर पिळून, टेप लावून जोडायची नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण इग्निशन चालू करून मीटरकडं बघा. दिवा लागला पाहिजे, साधारण सहा सेकंद राहिला पाहिजे आणि स्वतःहून विझला पाहिजे. राहिला किंवा लुकलुकला तर बिघाड. मुळीच लागला नाही तर कुणीतरी हात घातलाय. ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबरच लागून त्याच्याबरोबरच विझत असेल तर वायर तिकडं जोडलेली असू शकते, म्हणून इंजिन लगेच सुरू करू नका, नुसत्या इग्निशनवर मोजा.

मास्तरांनी विकणाऱ्याला नोटीस पाठवली. त्यानं आधी हात वर केले, पण फोटो आणि स्कॅनची कागदं बघून निम्मे पैसे परत केले. बाकीचे मास्तरांनी घातले. दोन्ही बॅगा, मॉड्यूल, क्लॉक स्प्रिंग, पुढचे दोन बेल्ट, डॅशबोर्ड आणि मीटर, सगळं मिळून १,१२,००० चं बिल झालं. गाडी न्यायला आले तेव्हा मी किल्ली त्यांच्याच हातात दिली. दार उघडं ठेवून, एक पाय बाहेरच ठेवून त्यांनी ती फिरवली आणि वर्गात हजेरी घेतात तसं मोठ्यानं मोजलं. सहाला दिवा विझला. त्यांनी किल्ली बंद केली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.